पॉटकेट रेड सॉक्स : गिरणीच्या गावातील बेसबॉल संघाची पन्नास वर्षे

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट या शहरात १९७० ते २०२० या काळात वास्तव्य असलेला पॉटकेट रेड सॉक्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ बोस्टन रेड सॉक्स या मुख्य लीगमधील संघाचा संलग्न संघ होता. अमेरिकी बेसबॉलमध्ये मुख्य लीगच्या खालोखाल ‘मायनर लीग’ची उतरंड असते. तिच्या संलग्न संघांत खेळाडूंचे वेतन व नियुक्ती मुख्य संघाच्या हाती असते. मैदान, तिकीटविक्री आणि गावाशी असलेले नाते मात्र स्थानिक मालकाने सांभाळावयाचे असते. यामुळे उत्तम खेळाडू हंगामाच्या मध्यावरही बोलावला जातो आणि स्थानिक प्रेक्षकांना त्याविषयी तक्रारीची सोय नसते.

पॉटकेट हे मूळचे कापडगिरण्यांचे शहर. सॅम्युअल स्लेटरची १७९३ मधील सूतगिरणी येथेच उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे येथे खेळलेल्या संघाचे नावही त्याच्यावरून ‘स्लेटर्स’ असे होते. १९४२ मध्ये खुले झालेले मॅककॉय स्टेडियम दलदलीची जमीन भरून बांधण्यात आले. त्यावर झालेल्या खर्चाची चर्चा अनेक वर्षे पुरली. ज्या महापौरांच्या आग्रहाने ते उभे राहिले, त्या टॉमस मॅककॉय यांचेच नाव पुढे त्यास देण्यात आले.

१९७० मध्ये बोस्टनचा ‘डबल ए’ दर्जाचा संघ येथे आला आणि १९७३ पासून त्याची जागा सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ दर्जाच्या संघाने घेतली. पहिल्याच वर्षी या संघाने इंटरनॅशनल लीगचे विजेतेपद पटकावले; परंतु गल्ला भरेना. १९७६ च्या हंगामानंतर संघाचे दिवाळे निघाले. जानेवारी १९७७ मध्ये बेन मॉन्डोर या निवृत्त गिरणीमालकाने तो विकत घेतला. मॉन्डोर यांनी स्टेडियम स्वच्छ केले, तिकीट स्वस्त ठेवले आणि कुटुंबांना मैदानाकडे वळविले. १९७७ मध्ये वर्षभरात सुमारे ७० हजार प्रेक्षक आले होते. २००५ मध्ये ही संख्या ६,८८,४२१ वर पोहोचली. मॅककॉयमध्ये खेळाडूंची बसण्याची जागा प्रेक्षकांच्या पायाखाली, मैदानाच्या पातळीवर होती. त्यामुळे मुले दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन कापून त्यात चेंडू व पेन ठेवीत, दोरीने खाली सोडीत आणि स्वाक्षरी होऊन वर येण्याची वाट पाहत. गळ टाकून मासे धरावेत तशी ही प्रथा तेथे पिढ्यानपिढ्या चालली.

या संघाचे नाव जगभर झाले ते एका सामन्यामुळे. १८ एप्रिल १९८१ रोजी, ईस्टरच्या पूर्वसंध्येस, रॉचेस्टर रेड विंग्ज या संघाविरुद्ध सुरू झालेला सामना नियमित नऊ डावांअखेर बरोबरीत राहिला. बेसबॉलमध्ये बरोबरी सुटेपर्यंत जादा डाव खेळले जातात. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने आघाडी घेतली, परंतु पॉटकेटच्या वेड बॉग्ज याने बरोबरी साधून दिली. ठरावीक वेळेनंतर नवा डाव सुरू न करण्याचा लीगचा नियम पंचांकडील त्या वर्षीच्या नियमपत्रात नव्हता. म्हणून खेळ थांबेना. कडाक्याच्या थंडीत खेळाडूंनी मोडक्या बॅट जाळून ऊब घेतली. अखेर लीगच्या अध्यक्षांशी दूरध्वनीवर संपर्क झाल्यावर पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, बत्तीस डावांनंतर, २-२ अशा स्थितीत सामना तहकूब करण्यात आला. त्या वेळी स्टेडियममध्ये अवघे १९ प्रेक्षक उरले होते.

२३ जून रोजी उर्वरित खेळ झाला. त्या काळात मुख्य लीगचे खेळाडू संपावर असल्याने देशभरातील पत्रकार पॉटकेटला लोटले आणि स्टेडियम भरून गेले. तेहेतिसाव्या डावात डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेटने विजयी धाव घेतली. त्या दिवशीचा खेळ केवळ १८ मिनिटे चालला. एकूण ८ तास २५ मिनिटांचा हा सामना व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत दीर्घ ठरला. त्यात खेळलेले बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिप्केन धाकटा हे दोघे पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. विजयी फटका मारणाऱ्या कोझाला मात्र मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळावयास मिळाला नाही. मायनर लीगचे वास्तव याहून नेमके सांगता येणे कठीण.

मॉन्डोर २०१० मध्ये निवर्तले. २०१५ मध्ये संघ नव्या गुंतवणूकदारांच्या हाती गेला आणि त्यांनी शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरात नवे स्टेडियम बांधण्याचा प्रस्ताव मांडला. तो बारगळल्यावर पॉटकेटमध्येच ८.३ कोटी डॉलरच्या स्टेडियमची योजना पुढे आली, त्यातील ३.८ कोटी डॉलर राज्य व शहर यांनी उभारावयाचे होते. परंतु बोस्टन रेड सॉक्सचा माजी खेळाडू कर्ट शिलिंग याच्या व्हिडिओ गेम कंपनीस राज्याच्या पाठबळावर ७.५ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले होते व ती कंपनी २०१२ मध्ये बुडाली होती. ती ठेच ताजी असल्याने खासगी संघासाठी सार्वजनिक पैसा देण्यास लोकमत अनुकूल नव्हते. जून २०१८ मध्ये विधिमंडळाने राज्याची हमी वगळलेला मसुदा मंजूर केला. त्यामुळे कर्ज महागणार होते. ऑगस्टमध्ये संघाने शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहराशी करार जाहीर केला.

निरोपाचा हंगाम २०२० चा ठरला होता. कोविडमुळे संपूर्ण मायनर लीग रद्द झाली आणि तो एकाही सामन्याविना संपला. त्या उन्हाळ्यात प्रेक्षकांना मैदानाच्या हिरवळीवर टेबले मांडून जेवण देण्यात आले, एवढाच काय तो निरोप. मे २०२१ मध्ये वूस्टरचे पोलार पार्क खुले झाले. त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला आणि त्याचा मोठा भार शहराच्या कर्जरोख्यांवर आहे. २०२२ मध्ये पॉटकेटच्या मतदारांनी मॅककॉयच्या जागी शहरासाठी एकत्रित माध्यमिक विद्यालय बांधण्याच्या कर्जास कौल दिला आणि त्यानंतर स्टेडियम पाडण्यात आले.