अर्ध्यावर सुटणारी शाळा

विम्याचे हप्ते मध्येच थांबले, तरी पॉलिसी परत करून काही रक्कम हाती येते. तिलाच 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलांच्या इंग्रजीला हाच हिशेब लावणारा एक शिक्षक बंगालमध्ये होऊन गेला. त्याचे स्मरण आम्हांस येथे करावयाचे आहे.

मायकेल वेस्ट (१८८८-१९७३) हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधील अधिकारी व ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांना दिसले ते असे, की बहुतेक मुले अभ्यासक्रम पुरा होण्याच्या कितीतरी आधी शाळा सोडतात. इंग्रजीची आखणी मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्यांसाठी. मध्येच गळलेल्या मुलाच्या पदरी काय पडले? १९२६ च्या 'बायलिंग्वलिझम' या ग्रंथात त्यांनी हा प्रश्न मांडला. मुलास आधी वाचता यावे, कारण थोडेसे आलेले वाचनही पुढे उपयोगी पडते, असा त्यांचा कौल होता.

मग त्यांनी वाचनमाला तपासल्या. पानोपानी जुनाट, क्वचित भेटणारे शब्द. एकाची ओळख होते न होते तोच दुसरा पुढे उभा. वेस्ट यांनी असे शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द विरळ पेरले आणि प्रत्येकाची पुनःपुन्हा भेट घडविली. 'न्यू मेथड' वाचनमाला निघाल्या त्या यातून. १९३५ च्या त्यांच्या कोशात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत उलगडलेले आहेत!

पण 'नेहमीचे' कोणाचे? वेस्ट यांच्या हाती थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९२१ ची दहा हजार शब्दांची यादी होती, आणि त्या गणतीत सर्वांत मोठा वाटा बायबल व इंग्रजी अभिजात ग्रंथांचा होता. आम्हां ख्रिस्ती वाचकांना याचे कौतुक वाटेल; परंतु पद्मेच्या काठी होडी वल्हविणाऱ्या मुलाचे रोजचे शब्द त्या पोथीतून कसे निघावेत? केवळ मोजणी पुरत नाही, हे वेस्ट यांनाही मान्य होते. १९५३ च्या त्यांच्या सुमारे दोन हजार शब्दांच्या यादीत शब्दाची गरज व सुलभता यांचाही विचार झालेला आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्या वेळी बालकांवरील ओझ्याची व मराठीच्या भवितव्याची चर्चा पुष्कळ झाली. चौथीनंतर शाळा सुटलेल्या मुलाच्या पदरी त्या इंग्रजीतले काय उरेल, हे कोणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.