वर्तुळाबाहेरची माणसे

दिवाळीच्या सुटीआधी दहावीच्या वर्गाला मी वृत्तालेख शिकवीत होतो. उदाहरणाला आमच्या बुलढाणा जिल्ह्याचेच आकडे घेतले. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत, हजार मुलग्यांमागे 2001 साली मुली होत्या 908; 2011 साली 855. मुलांनी कोनमापक लावून दोन वर्तुळे काढली. मुलींची फाक पहिल्यात 171 अंशांची, दुसऱ्यात 166 अंशांची.

"सर, दोन्ही सारखीच की हो!" एक मुलगी म्हणाली.

मी गप्प राहिलो. त्या पाच अंशांत हजारामागे त्रेपन्न मुली लपल्या होत्या.

वाचकहो, हा आलेख काही आजचा नव्हे. 1801 साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने तो आपल्या पुस्तकात छापला. भाकरीचे चतकोर करावेत तसे आकड्यांचे वाटे डोळ्यांपुढे येतात. पण त्याला एक खोड आहे. वर्तुळ सदा पूर्णच असते. घरातली माणसे कितीही कमी होवोत, शेकडेवारीची बेरीज शंभरच भरते.

आमच्या वऱ्हाडाचेच पाहा. 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती 28,97,491 होती. 1901 साली ती 27,54,016 वर आली. मधल्या काळात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. घट शेकडा पाच. ऐकायला लहानच! पण ती 1,43,475 माणसे होतात. आणि त्या दहा वर्षांत जन्मलेली लेकरे हिशेबात धरली, तर हानी याहून मोठी. तरी 1901 चा वृत्तालेख काढलात तर तोही 360 अंशांचाच. गेलेल्यांसाठी त्यात केसभर फट नाही.

तेव्हा आभाळ फिरले होते. आता कोण फिरले? निसर्गतः हजार मुलग्यांमागे सुमारे साडेनऊशे मुली जन्मतात. गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, देशाने 1994 साली. तरीही जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात, तिथे हा 855 चा आकडा!

मी हे सांगितले तेव्हा वर्ग शांत झाला. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, "सर, ज्या जन्मल्याच नाहीत, त्या वर्तुळात कुठे दाखवायच्या?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मात्र वृत्तालेखाखाली मूळ संख्या लिहिल्याशिवाय मी कुणालाही पुरे गुण देत नाही.