एकशे साठ चौरस फुटांची शंभर वर्षं

सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा हिशोब सेक्रेटरींच्या अहवालात आलेलाच आहे. त्यामुळे संपादक मंडळाने "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा" म्हटल्यावर मी जरा आणखी मागे जायचं ठरवलं. गेल्या वार्षिक सभेत आपल्याकडे पहिल्यांदा 'पुनर्विकास' हा शब्द निघाला आणि चर्चा थेट "किती फूट जास्त मिळणार?" यावर गेली. तेव्हाच मला माझी जुनी वरळीची बीडीडी चाळ आठवली. माझा जन्म तिथला.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, हे खातं निघालं. गिरण्या वाढल्या होत्या, कामगार एकेका खोलीत कोंबून राहत होते, प्लेगची आठवण ताजी होती. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या असा बेत होता. पैसा उभा करायला कर्जरोखे काढले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, सोळा हजारांच्या वर खोल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी.

बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, त्या काळी नवलाचं. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला विचाराल तर प्रस्तावच कच्चा होता. भाडं गिरणी कामगाराला परवडेना, आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे. सुरुवातीची काही वर्षं कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तर वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. ज्याच्यासाठी घर बांधायचं त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

पुढे मात्र चाळी अशा भरल्या की विचारू नका. पुष्कळांना चाळ म्हटलं की बाहेरची गॅलरी आठवते. आमच्याकडे तसं नव्हतं. मधोमध लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फूट. आम्ही त्यात आठ जण. संडास मजल्यावर सामाईक, सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. रात्री आम्ही मुलं पॅसेजमध्येच अंथरूण टाकायचो, परीक्षेचा अभ्यासही तिथल्याच दिव्याखाली. दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत कबड्डी, गणपती, लग्नाच्या पंगती सगळं व्हायचं.

हे सगळं गोड गोड सांगतोय, पण १९७४ च्या जानेवारीतली वरळीची दंगलही मी पाहिली आहे. दलित पँथरच्या सभेनंतर ती पेटली. कालपर्यंत ज्यांच्या घरचं ताक आमच्याकडे यायचं, त्यांच्या चाळीवरून आणि आमच्या चाळीवरून एकमेकांवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या पडत होत्या. शेजार म्हणजे नुसतं प्रेमच असतं असं नाही.

पुनर्विकासाच्या गप्पा तर मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकत होतो. अखेर २०१७ च्या एप्रिलमध्ये भूमिपूजन झालं. काम म्हाडाकडे. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, फुकट. पात्रतेची छाननी, विरोध, मोर्चे, संक्रमण शिबिरं यांत वर्षं गेली. वरळीत प्रत्यक्ष कामाचा नारळ १ ऑगस्ट २०२१ ला फुटला आणि १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी मात्र पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळे मागे राहिल्या.

'फुकट' म्हणतात, पण फुकट काहीच नसतं. १९२० साली पैसा कापसाच्या गासडीतून आला, आता तो जमिनीतून येतो. मूळ रहिवाशांना उंच टॉवरमध्ये बसवायचं, उरलेल्या जागेत बाजारभावाने विकायच्या इमारती बांधायच्या आणि त्यातून सगळा खर्च काढायचा. चार मजल्यांच्या जागी चाळीस मजले आले ते या हिशोबामुळे. मग मोकळी जागा किती उरणार, दोन टॉवरमधून खालच्या मजल्यांवर ऊन किती येणार, लिफ्टचा आणि पंपांचा खर्च पुढे पेलणार कसा, हे सगळं नकाशा कागदावर असतानाच ठरून जातं. भाडेकऱ्याचं लक्ष मात्र बेडरूम किती यावर. आपलंही परवा तेच झालं, रागावू नका.

माझे थोरले बंधू चाळ रिकामी करण्याच्या आधीच गेले. चावी वहिनींच्या हातात आली. दिवाळीत मी घर बघायला गेलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. घरात स्वतंत्र संडास, तोही दोन! ऐंशी वर्षांची बाई, आता रात्री-अपरात्री पॅसेज तुडवायला नको. याच्यापुढे माझ्या सगळ्या शंका फिक्या आहेत, हे मी कबूल करतो.

चहा घेताना पाहिलं तर वहिनींनी सवयीने दार सताड उघडं ठेवलेलं. समोरची दारं बंद. घरांचं वाटप सोडतीने झालं. सोडत म्हणजे कोणाची वशिल्याची तक्रार नको, बँकेतही आम्ही हेच केलं असतं. पण पॅसेजमध्ये पन्नास वर्षं समोरासमोर तांदूळ निवडणाऱ्या बायका त्यामुळे वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या. दोन चाळींचे रहिवासी एकत्र नोंदवून त्यांच्यापुरती सोडत काढायला काही जास्तीचं काँक्रीट लागलं नसतं. कोणी मागितलंच नाही. वहिनींनाही आधी सुचलं नव्हतं.

"मग आता करता काय?" मी विचारलं.

"काय करणार भावोजी? ती वर, मी खाली. लिफ्टमध्ये एकटीला भीती वाटते. रोज चार वाजता नातू तिला घेऊन येतो, आणि सहाला परत पोचवतो."