हात आपले, बोलणं कोणाचं?

 

आजची गोष्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते. दोन वर्षांपूर्वी गटांचं सामान घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातल्या कलाप्रदर्शनात गेलो होतो. स्टॉलवर मी आणि मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या काकू होतो. काकूंच्या हातचे बटवे, उशीचे अभ्रे आणि भिंतीवर लावायचे भरतकामाचे तुकडे मांडले होते. एक बाई आल्या, बटवा हातात घेतला आणि विचारलं, "हे कोणी केलंय? आणि या कवड्या कशासाठी?" काकूंनी पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मीच बोलले. "कवड्या नजर लागू नये म्हणून असतात," असं ठोकून दिलं. त्या बाई खूश झाल्या, बटवा घेऊन गेल्या. चार दिवस हेच चाललं. माल बऱ्यापैकी खपला.

परतीच्या गाडीत काकू म्हणाल्या, "ताई, तू लय चांगलं बोलली. पन जाताना लोकं तुलेच हात जोडत होते. त्यांले वाटलं, हे तूच केलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "अन् त्या कवड्या माया सासूच्या होत्या. तिच्या जुन्या गाठोड्यातून काढून मी नव्यावर लावल्या."

मला रात्रभर झोप लागली नाही. काम काकूंचं, कवड्या त्यांच्या सासूबाईंच्या आणि गोष्ट मात्र माझ्या मनाची! तेव्हापासून मी शोधायला लागले की कला करणारी एक आणि तिच्याविषयी बोलणारं दुसरंच, असं कधीपासून चालत आलं आहे. जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्या वाशीमपासूनच करू. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला राजा होता हरिषेण आणि त्याचा मंत्री होता वराहदेव. या वराहदेवानं अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं खोदवून घेतलं. तिथे शिलालेख आहे. त्यात राजाचं घराणं आहे, मंत्र्याचं नाव आहे, त्याच्या दानाचं कौतुक आहे. पण ज्यांनी भिंती रंगवल्या, त्यांची नावं त्यात नाहीत. आज जगभरातून माणसं ती चित्रं पाहायला येतात. पैसा देणाऱ्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं, हातांचं नाही टिकलं.

कोणी म्हणेल, ती राजेलोकांची गोष्ट, आपलं काय? म्हणून आता घरातल्या भिंतीची गोष्ट ऐका.

डहाणू, तलासरी, जव्हार या भागात वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं तो काढायचा, मधोमध पालघट देवी. हे काम सवाष्णींचं. धवलेरी गाणी म्हणते आणि सवाष्णी चौक लिहितात. हे चित्र विकण्यासाठी नव्हतंच. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. त्यामुळे "हे कोणी काढलं?" असं विचारायला बाहेरचं कोणी येत नव्हतं. गावात तर सगळ्यांना ठाऊकच होतं.

असंच बिहारमध्ये मधुबनीकडे होतं. तिथल्या बायका लग्नाच्या खोलीच्या भिंती चितारत. १९६६-६७ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. कुलकर्णींनी बायकांना सांगितलं, भिंतीवर काढता तेच कागदावर काढा. चित्र कागदावर आलं आणि गावाबाहेर जाऊ शकलं. पुढे जगदंबा देवींना १९७५ मध्ये, सीता देवींना १९८१ मध्ये आणि गंगा देवींना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. तिघी गावच्या बाया, घरातल्या मोठ्या बायांकडून हात शिकलेल्या. कागदावर चित्राबरोबर त्यांचं नाव आलं, म्हणून त्या आपल्याला माहीत आहेत.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे सत्तरच्या दशकात वारली पाड्यांवर गेले. तिथून जगापुढे नाव आलं ते जिव्या सोमा मशे यांचं. मशे खरोखर थोर चित्रकार. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा देशभर हळहळ झाली. त्यांच्या मोठेपणाला कुठेच उणेपणा नाही. पण ज्या सवाष्णींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांच्यापैकी किती जणींची नावं तुम्ही-मी सांगू शकतो? कला बायकांची, पण ती बाजारात आली तेव्हा पुढे आलेलं नाव बाईचं नव्हतं.

पुढे वारली चित्रं कपबशीवर आली, साडीवर आली, हॉटेलच्या भिंतीवर आली. छापखान्यात छापलेली, वारली माणसाचा हातही न लागलेली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे नाव कोणाचं, याची सरकारदरबारी नोंद झाली. पण स्टॉलवर येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती नोंद दिसत नाही. हाताचं कोणतं आणि छापील कोणतं, हे समोरच्या बाईनं सांगितलं तरच त्याला कळतं.

आता आपल्या तांड्यांकडे येऊ. बंजारा समाज हा मुळात व्यापाराचा समाज. रेल्वे नव्हती तेव्हा धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर नेणारे हेच लोक. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि लदेणी बंद पडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही भागांत बंजाऱ्यांनाही गुन्हेगार ठरवलं गेलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्या समाजानं राजांच्या फौजांना धान्य पुरवलं, त्याला बाजारात मान खाली घालून उभं राहायची वेळ आली. काकूंनी पदर पुढे ओढला, त्यात ही जुनी भीतीही असेल, असं मला आता वाटतं.

फेटिया, काचळी, बटवे, गाठोडी यांवरचं भरतकाम हे लेकीसाठी, सुनेसाठी होतं. विकायचं नव्हतं. मग दुष्काळात, आजारपणात घरातले जुने कपडे फेरीवाल्याला दिले गेले. किती जणींच्या आजीची काचळी भांड्यांच्या बदल्यात गेली, ते तुम्हीच आठवा. शहरात त्याच तुकड्यांच्या पिशव्या झाल्या. दुकानदारानं हवी ती गोष्ट सांगितली, हवा तो भाव घेतला. जिनं टाके घातले, ती त्या बोलण्यात कुठेच नव्हती.

पण दुसरी बाजूही आहे. कर्नाटकातल्या संडूर भागात आपल्याच लंबाणी बहिणींनी भरतकाम पुन्हा सुरू केलं आणि संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्यात हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बायका परदेशी पाहुण्यांपुढे स्वतः माल मांडून भाव करतात. शाळेत न गेलेल्या बायका पाहुण्यांच्या भाषेतले आकडे कानानं शिकल्या. म्हणजे बोलणं येत नाही, हे खरं नाही. बोलायला जागा मिळाली की ते येतं.

ही जागा कशी मिळाली, तेही पाहू. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हस्तकला मंडळ स्थापन झालं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा सांभाळली. कारागिरांचा माल शहरातल्या सरकारी एम्पोरियममध्ये जाऊ लागला. त्यानं पोट भरलं, पण दुकानात बोलायचा तो विक्रेता. कारागीर गावातच. मग मेळ्यांचे दिवस आले. १९८७ मध्ये हरियाणात सूरजकुंडचा मेळा सुरू झाला. १९९४ मध्ये दिल्लीत दिल्ली हाट उघडलं. तिथे कारागिरांना आळीपाळीनं, ठरावीक दिवसांसाठी गाळे देण्याची पद्धत आली. आता आपल्या राज्यात मुंबईचं महालक्ष्मी सरस आहे, जिल्ह्याची प्रदर्शनं आहेत. गटांच्या बायका तिथे स्वतःच्या स्टॉलवर स्वतः उभ्या असतात.

म्हणजे मैत्रिणींनो, गिऱ्हाइकाच्या समोर उभं राहण्याची ही जागा फार जुनी नाही. आपल्या आज्यांना ती नव्हती. आपल्याला आहे, आणि आपण तिथे पदर ओढून गप्प बसलो, तर पुन्हा बोलणारा दुसराच. माझ्यासारखी बोलकी समन्वयकसुद्धा त्या दुसऱ्यांतलीच झाली होती.

मग बोलायचं काय? इतिहासानंच शिकवलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, नाव. "नमस्कार, मी अमुक, हे मी केलंय." एवढं एक वाक्य. अजिंठ्याच्या चित्रकाराला जे मिळालं नाही, ते तुम्हाला एका वाक्यात मिळतं. वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, त्यावर नाव आणि गाव लिहा.

दुसरी, खरी गोष्ट. पुस्तकातली नको, आपली सांगा. "या कवड्या माझ्या सासूच्या" हे माझ्या नजर लागण्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचं होतं. एखाद्या नक्षीचा अर्थ माहीत नसेल तर म्हणावं, "आमच्या आईनं शिकवलं, तसं काढते." त्यात कमीपणा नाही. बनवून सांगितलेली गोष्ट उद्या उघडी पडली, तर सगळ्या गटावरचा विश्वास जातो.

तिसरी, काम दाखवणं. गिऱ्हाईक विचारतं, हाताचं की मशीनचं? वाद घालू नका. कापड उलटं करून मागची बाजू दाखवा. सुई हातात ठेवा, दोन टाके घालून दाखवा. चित्र असेल तर काडी आणि रंग जवळ ठेवा. आणि गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेऊ द्या. ते पाहत असताना आपण थोडं गप्प राहायचं.

चौथी, भाव. "कमी करा" हे ऐकून घाबरायचं नाही, रागवायचंही नाही. हिशेब आपल्याला पाठ हवा. समजा एका बटव्याला कापड, दोरा, आरसे मिळून १२० रुपये लागले. दोन दिवस गेले, दिवसाला ३०० धरले तर मजुरी ६००. येण्या-जाण्याचा वाटा ८०. झाले ८००. आता ५०० ला दिला तर त्यातले २०० खर्चाचे, म्हणजे दोन दिवसांच्या कामाचे ३०० च उरले. तुम्ही एक दिवस फुकट राबलात. म्हणून शांतपणे सांगा, "ताई, याला दोन दिवस लागतात, यात कमी होत नाही. पण हा लहान बटवा आहे, ३५० चा." भाव कमी करू नका, लहान वस्तू पुढे करा. गिऱ्हाईक गेलं तरी "पुन्हा या" म्हणा. आणि शेजारच्या स्टॉलच्या मालाला नाव ठेवू नका. तिथेही आपल्यासारखीच बाई बसलेली असते.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत करून पाहिलं. एक जण गिऱ्हाईक, एक जण विकणारी. पहिल्या दिवशी नुसतं हसू. तिसऱ्या बैठकीत काकू उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाईक झालेल्या अध्यक्षताईंना म्हणाल्या, "पाचशेले नाई देत. तुमी दोन दिस फुकट निंदाले येसान काय?" बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शहरात असं बोलू नका, एवढंच मी सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा प्रदर्शनाला गेलो. पहिल्या दिवशी काकूंच्या तोंडून शब्द फुटेना, दोन गिऱ्हाईकं तशीच गेली. मी मुद्दाम मागच्या खुर्चीवर बसून राहिले. जीभ आवरणं मलाच जड गेलं. दुपारी एक मुलगी आली, तिनं कवड्यांना हात लावला. काकू हळूच म्हणाल्या, "माया सासूच्या आहेत." मुलगी थांबली. मग सासू कशी होती, ती बटव्यात काय ठेवायची, असं बोलणं निघालं. तिनं बटवा पूर्ण किमतीला घेतला आणि जाताना काकूंना हात जोडले. त्या वर्षी माल मागच्यापेक्षा थोडा कमीच खपला, हेही खरं सांगते. पण घरी येताना काकू गाडीत म्हणाल्या, "पुढल्या साली सुनेले घेऊन येतो."

आता गिऱ्हाईक आपल्याही दारात यायला लागलं आहे. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीला लोक येतात आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं. काचेच्या आत जुनी कला पाहून बाहेर पडणारा माणूस जिवंत हात शोधतो. तेव्हा त्याच्याशी कोण बोलणार, हे आपणच ठरवायचं आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या एका वस्तूची खरी गोष्ट तीन वाक्यांत सांगायची, एवढा ठराव नोंदवहीत घ्या. आणि ज्या कोणी माझ्यासारख्या बोलक्या असतील, त्यांनी जरा मागच्या खुर्चीवर बसायचं.