बाजाराची सुट्टी

तर झालं असं, की ॲमस्टरडॅमला ऑनसाइट गेल्यावर पहिल्याच रविवारी माझा पोपट झाला.

जुन्या वस्तूंचं वेड मला कॉलेजपासूनचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी चक्कर मारायची, गंजलेले कॅमेरे आणि बंद पडलेले रेडिओ उलटसुलट करून बघायचे, आणि शेवटी तीस रुपयांचा एखादा स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी यायचं, हा माझा नेहमीचा उद्योग. त्यामुळे म्युझियम, कालवे, ट्युलिप वगैरे नंतर. आधी तिथला जुना बाजार बघायचा हे विमानात बसतानाच ठरलं होतं. बाजाराचं नाव वॉटरलूप्लाइन. 'प्लाइन' म्हणजे चौक. रविवार आहे म्हणजे बाजार जोरात असणार असं गृहीत धरून सकाळी दहाला मेट्रोने पोचलो. चौकात कबुतरं होती, बोचरा वारा होता आणि मी होतो. बाकी शुकशुकाट.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर शेजारी बसणारा, रिटायरमेंटला आलेला डच सहकारी हसला. म्हणाला, "रविवारी बंद असतो. शनिवारी जा." मग जरा थांबून म्हणाला, "माझे आजोबा मात्र रविवारीच जायचे. तेव्हा शनिवारी बंद असायचा."

आता आम्हा प्रोग्रामर लोकांची एक सवय असते. चालू सिस्टिममध्ये एखादी सेटिंग बदललेली दिसली, की आधी विचारायचं: कुणी बदलली, कधी बदलली आणि का? इथे तर आख्ख्या बाजाराची सुट्टी शनिवारवरून रविवारवर गेली होती.

बाजाराची सुट्टी कधी असते त्यावरून बाजार कुणाचा ते कळतं. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, कारण दुकानदार जुम्याच्या नमाजाला जातात. आपल्या कोकणातलं उदाहरण तर त्याहून बोलकं. अलिबाग-पेणकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे एक तेली होते, ते शनिवारी घाणा जुंपत नसत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. ते म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची सुट्टी हीच त्यांची ओळख झाली होती. ॲमस्टरडॅमच्या बाजाराची शनिवारची सुट्टीही तीच. सब्बाथची.

मग ज्यूंचा बाजार जुन्या वस्तूंचाच का? त्याचं उत्तर त्या शहराच्या कायद्यात आहे. १६०० च्या सुमारास स्पेन-पोर्तुगालमधून छळाला कंटाळून ज्यू ॲमस्टरडॅमला यायला लागले, पुढे जर्मनी-पोलंडकडूनही आले. शहराने त्यांना धर्म पाळू दिला, आणि त्या काळच्या युरोपात ही फार मोठी गोष्ट होती. पण धंद्याचं काय? बहुतेक धंदे कारागिरांच्या गिल्डांच्या ताब्यात, आणि गिल्डांत ज्यूंना प्रवेश नाही. मग उरलं काय? हिऱ्यांना पैलू पाडणं (नवा धंदा, त्याला गिल्डच नव्हतं), आणि ज्यांच्याकडे तेवढीही पुंजी नाही त्यांच्यासाठी हातगाडी. जुने कपडे, चिंध्या, भंगार, फळं, मासे. १७९६ साली ज्यूंना समान नागरिकत्व मिळालं, पण गरिबी काही कागदाने जात नाही. एकोणिसाव्या शतकातही हजारो कुटुंबं हातगाडीवरच जगत होती.

या गाड्या योडनब्रेस्ट्राट आणि आसपासच्या गल्ल्यांत लागायच्या आणि रस्ता अडायचा. (हे वाक्य कुठल्याही भारतीय शहराबद्दल लिहिता येईल!) १८८२ साली महापालिकेने तिथले दोन कालवे बुजवून मोठा चौक तयार केला आणि गाडीवाल्यांना तिकडे जायला सांगितलं. त्यांना अर्थातच जायचं नव्हतं. गिऱ्हाईक रस्त्यावर असताना मोकळ्या चौकात वारा खायला कोण जाईल? पण गेले. आणि काही वर्षांतच वॉटरलूप्लाइन शहरातला सगळ्यात गजबजलेला बाजार झाला. रविवारी तर विशेष. बाकी ख्रिस्ती शहर त्या दिवशी बंद आणि हा बाजार चालू, म्हणून सगळं ॲमस्टरडॅम तिकडे लोटायचं.

चौकापासून दोन मिनिटांवर रेम्ब्रांटचं घर आहे. हा गृहस्थ आपल्या जातीचा. लिलाव दिसला की हात वर. शिंपले, शस्त्रं, पुतळे, चित्रं, जे मिळेल ते घ्यायचा. १६५६ साली दिवाळं निघालं, तेव्हा अधिकाऱ्यांनी घरात येऊन एकेका वस्तूची यादी केली, ३६३ नोंदींची. मग सगळं विकलं गेलं. त्या यादीमुळेच आज त्याचं घर म्युझियम म्हणून पुन्हा सजवता आलं. ही यादी जरा लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतलं. तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये सुमारे ८०,००० ज्यू होते, म्हणजे शहरातला दर दहावा माणूस. फेब्रुवारी १९४१ मध्ये डच नाझींच्या टोळ्या ज्यू वस्तीत घुसून मारहाण करायला लागल्या. ११ तारखेला वॉटरलूप्लाइनवर तरुणांनी त्यांना उलट चोप दिला आणि त्यात एक डच नाझी जखमी होऊन पुढे मेला. जर्मनांना निमित्त मिळालं. २२ फेब्रुवारीच्या शनिवारी आणि २३ च्या रविवारी त्यांनी वस्तीला वेढा घालून चारशेहून अधिक तरुण ज्यू पुरुषांना पकडलं. बाजूच्या योनास डॅनियल मायरप्लाइनवर त्यांना हात पुढे करून उकिडवं बसवलं, लाथा घातल्या आणि ट्रकमध्ये कोंबलं. आधी बुखेनवाल्ड, मग बहुतेकांना माउटहाउझेन. त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच परत आलं नाही.

आता तो दुसरा दिवस बघा. रविवार! बाजार चालू होता. म्हणजे हे सगळं बंद दाराआड झालं नाही. जुना कोट, सायकलची चेन घ्यायला आलेल्या ख्रिस्ती ॲमस्टरडॅमकरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. बाजाराची सुट्टी शनिवारी होती म्हणून शहर साक्षीदार झालं.

आणि पुढचं पाऊलही एका बाजारातच पडलं. सोमवारी २४ तारखेला संध्याकाळी योर्डान भागातल्या नोर्डरमार्क्टवर, चर्चसमोरच्या चौकात, सभा भरली. बोलावणारे कोण? पीट नाक हा रस्ते झाडणारा आणि विलेम क्रान हा रस्ते बांधणारा, दोघंही महापालिकेचे कामगार आणि कम्युनिस्ट. ठरलं: उद्यापासून संप. मंगळवारी सकाळी ट्राम निघाल्या नाहीत. मग गोदी, कारखाने, कचेऱ्या, दुकानं. आपल्या ज्यू शेजाऱ्यांना नेलं म्हणून एक आख्खं शहर काम थांबवून रस्त्यावर आलं. ताब्यातल्या युरोपात असं क्वचितच कुठे झालं असेल. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गोळ्या झाडून संप मोडला. क्रानला १९४२ साली मारलं. नाक छळ सोसून वाचला.

नोर्डरमार्क्टवर आजही दर सोमवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मी रजा टाकून गेलो होतो. लेस, बटणं, जुनी पोस्टकार्डं, फरचे कोट. चर्चच्या भिंतीवर त्या सभेची पाटी आहे आणि तिच्यासमोर लोक कॉफीचे कप हातात घेऊन भाव करत असतात. मला ते वाईट वाटलं नाही. सभेसाठी ती जागा निवडली तीसुद्धा तिथे लोक जमतात म्हणूनच ना.

असो. संप मोडल्यावर सगळं पद्धतशीर सुरू झालं. १९४१ मध्येच ज्यूंना नेहमीच्या बाजारांतून हाकलून वेगळ्या बाजारांत टाकलं. १९४२ च्या उन्हाळ्यापासून गाड्या पूर्वेकडे निघाल्या. आणि इथे ती यादी परत येते. माणसं नेण्याबरोबरच घरातल्या सामानाची यादी व्हायची: खुर्च्या किती, ताटल्या किती, दिवे किती. मग किल्ली ताब्यात आणि काही दिवसांनी मूव्हर्सचा ट्रक दारात. या कामातलं कुप्रसिद्ध नाव अब्राहम पुल्स, डच नाझी पक्षाचा सदस्य. त्याच्या ट्रकवर त्याचं नाव लिहिलेलं असायचं, इतकं की ज्यूंचं घर रिकामं करण्याला डच भाषेत 'पुल्सन' असं क्रियापदच पडलं. सामान बहुतांशी जर्मनीला गेलं, बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना वाटायला. रेम्ब्रांटच्या यादीतून त्याचं घर परत उभं राहिलं. या याद्या घरं पुसून टाकण्यासाठी होत्या.

काही कुटुंबांनी जाण्याआधी चांगल्या चीजवस्तू ओळखीच्यांकडे ठेवायला दिल्या. परत येणारे थोडे, आणि त्यांनी दार वाजवल्यावर सगळ्यांनी वस्तू परत दिल्या असं नाही. 'बेवारन' म्हणजे सांभाळणं. त्यात 'आर्य' मिसळून डच लोकांनी अशा सांभाळणाऱ्यांना एक कडवट शब्द केला, 'बेवारिएर'. ऐकल्यावर मला आपला 'बेवारस' आठवला. दोन शब्दांचा संबंध काही नाही, पण कानाला जुळले खरे. सीबीएसईवाल्या मंडळींना अकरावीच्या इंग्रजीतली 'द ॲड्रेस' ही गोष्ट आठवत असेल. मुलगी युद्धानंतर आईच्या वस्तू बघायला एका घरी जाते, ती गोष्ट. ती या डच वास्तवातूनच आलेली. लेखिका मार्गा मिंको स्वतः लपून वाचली होती. २०२३ साली १०३ व्या वर्षी गेली.

ॲमस्टरडॅमच्या ८०,००० ज्यूंपैकी सुमारे ६०,००० मारले गेले. १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात जळण नव्हतं, तेव्हा लोकांनी वस्तीतल्या रिकाम्या घरांचे जिने, दारं, तुळया काढून जाळल्या. घरं कोसळली. नंतर रुंद रस्ते, मेट्रो आणि १९८०च्या दशकात चौकातच महापालिका-ऑपेराची मोठी इमारत आली. बाजार पुन्हा भरला, आजही भरतो. पण शनिवारी सुट्टी घेणारे उरले नव्हते. सेटिंग कुणी बदलली, याचं उत्तर हे आहे.

तर पुढच्या शनिवारी मी गेलो. लष्करी जाकिटं, एलपी रेकॉर्ड, सायकलचे दिवे, काटेचमच्यांनी भरलेली खोकी. एका खोक्यात चहाचा चमचा मिळाला. दांड्यावर दोन अक्षरं कोरलेली. विक्रेत्याला विचारलं, कुठून आला? तो म्हणाला, म्हातारी माणसं जातात, मुलांना सामान नको असतं, आम्ही घर रिकामं करून देतो. साधं, खरं उत्तर. चमचा कदाचित दहा वर्षांपूर्वीच्या अशाच एखाद्या घरातला असेल. पण मला त्या अक्षरांवरून बोट काढवेना.

कारण आठवली आमची आजी. तिच्या लग्नातल्या पितळी डब्यांवर, तांब्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं. वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा सामान आवरायला मीच होतो. मोडीवाल्याला फोन मी केला, भाव मी केला, किलोवर. तांब्यांवरची नावं मी वाचलीही नाहीत. आमच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, ट्रक पाठवला नव्हता. दोन्हींची तुलना होऊच शकत नाही, करूही नये. पण नाव असलेली वस्तू बिननावाची कशी होते, ते मला माझ्याच हातांनी माहीत होतं.

ॲमस्टरडॅमच्या नाइन स्ट्रीट्समध्ये छान व्हिंटेज दुकानं आहेत. मी तिथेही फिरलो, एक कोटही घेतला. 'व्हिंटेज' हा शब्द मात्र चतुर आहे. वस्तू कधीची ते सांगतो, कुणाची ते सांगत नाही.

बाजारातून पाच-सात मिनिटं चालत वेस्परस्ट्राटवर २०२१ साली उघडलेलं नावांचं स्मारक आहे, डॅनियल लीबेस्किंड या आर्किटेक्टचं. विटांच्या भिंती, आणि प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचं वय. १,०२,००० हून जास्त विटा. शिवाय १,००० कोऱ्या, ज्यांची नावं कुणालाच सापडली नाहीत त्यांच्यासाठी. चमचा खिशात होता. त्या दोन अक्षरांनी सुरू होणारी नावं मी शोधायला लागलो आणि पहिल्याच भिंतीत इतकी सापडली की थांबलो.

पुण्याला आल्यावर आईला फोटो दाखवले. चमचाही दाखवला. तिने चष्मा लावून अक्षरं बघितली आणि विचारलं, "कुणाचा रे हा?"

म्हटलं, माहीत नाही. मग तिला विचारलं, आजीच्या तांब्यांवर काय लिहिलं होतं? तिला सगळ्या आठवले. मी वहीत लिहून घेतले, एकेक.