डबा: मुळशीच्या वाटेवरून कलादालनात

१/ जेवणाचा डबा कलाकृती केव्हा ठरतो? या प्रश्नाची एक वाट पॅरिस-न्यूयॉर्ककडे जाते, तर दुसरी पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या भातखाचरांकडे. #थ्रेड

२/ १९१३ मध्ये मार्सेल द्युशाँ यांनी पॅरिसमध्ये सायकलचे चाक स्टुलावर बसवले. १९१७ मध्ये त्यांनी कारखान्यात तयार झालेले मूत्रपात्र न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी धाडले. आयोजकांनी ते मांडले नाही. पण वस्तू घडवण्याइतकेच ती निवडणे हेही कलाकर्म आहे, हा विचार रुजला.

३/ सुबोध गुप्ता (जन्म १९६४, खगौल, बिहार) यांनी स्वयंपाकघरातील भांडी निवडली. २००६ मध्ये त्यांनी भांड्यांची महाकाय कवटी उभारली. २००७-०८ च्या 'फेथ मॅटर्स' या कलाकृतीत सुशी वाढण्याच्या सरकत्या पट्ट्यावर जेवणाचे डबे फिरत राहतात.

४/ डबे फिरतात. वाहणारा मात्र तेथे नाही. मुंबईत हे काम माणसे करतात. या व्यवसायाचा आरंभ १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केला, असे मानले जाते.

५/ डबेवाले प्रामुख्याने मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. पावसाळी भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नसे; म्हणून घरटी कुणीतरी मुंबई गाठली.

६/ याच मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते. तरीही धरण झाले, गावे बुडाली आणि तेथील पाण्यावर भिऱ्यात निर्माण झालेली वीज मुंबईला पोहोचली. मुळशीने मुंबईला वीज दिली आणि माणसेही.

७/ या माणसांनी डब्यावर स्वतःची लिपी रेखाटली. झाकणावरील रंग, अक्षरे व आकडे यांतून स्थानक, इमारत आणि मजला कळतो. साध्या वस्तूला अर्थ देण्याचे काम कलादालनाच्या कितीतरी आधी येथे घडले. त्यावर कुणाची स्वाक्षरी नाही, इतकेच.

८/ पुढे शिल्पकार वलय शेंडे यांनी घडवलेला डबेवाला मुंबईत हाजी अली येथे उभा राहिला. डब्याबरोबर तो वाहणारा माणूसही शिल्पाचा विषय झाला.

९/ दरवर्षी गावच्या जत्रेसाठी डबेवाले काही दिवस सुट्टी घेतात. तेव्हा मुंबईतले डबे घरीच थांबतात. कलादालनातील पट्टा विजेवर फिरतो. मुंबईतला डबा माणसावाचून हलत नाही. डब्याच्या इतिहासात त्या माणसाचे स्थान येथे आहे.