विष सापडले नाही, तरी फाशी
१४ डिसेंबर १९५९

पुण्याचे डॉ. अनंत चिंतामण लागू यांचे अपील सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळले. फाशी कायम झाली. रात्रीच्या गाडीने मुंबईला नेताना सधन विधवा रुग्णाला विष दिल्याचा आरोप होता. बचाव बिनतोड वाटावा असा: रासायनिक तपासणीत विष सापडलेच नव्हते! पण मृत्यूनंतरही बाईंच्या नावाने पत्रे येत राहिली, लग्न करून जयपूरकडे सुखात आहे म्हणून. मालमत्ता मात्र डॉक्टरांकडे सरकत होती. न्या. हिदायतुल्ला यांना ही साखळी पुरेशी वाटली, न्या. सरकार यांना नाही. विषप्रयोगाच्या खटल्यांत परिस्थितिजन्य पुराव्यावर वाद रंगला की दोन्ही बाजूंचे वकील आजही हाच निकाल उघडतात.